तुम्हाला काढणार नाहीत, हीच खरी अडचण आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत राहणारे ४३ वर्षांचे एक गृहस्थ ऐरोलीतील एका मोठ्या तंत्रज्ञान सेवा कंपनीत १६ वर्षे ४ महिने नोकरी करत आहेत. गेल्या दीड वर्षात कपातीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि तिसरी मार्चअखेरीपूर्वी होईल अशी कुजबुज आहे. ज्या जुन्या बिलिंग प्रणालीची देखभाल ते करतात, तिच्यावर ११ माणसे होती. आता ५ उरली आहेत. वरिष्ठ सांगतात, "तुम्ही सेफ आहात." दरम्यान, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील सुमारे २०० माणसांच्या एका कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली आहे. सध्याचा पगार महिना १ लाख ४० हजार आहे, तिथे १५ टक्के कमी मिळेल, आणि उत्तर १५ दिवसांत द्यायचे आहे. गृहकर्जाचा हप्ता ४६ हजारांचा, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, आईला मधुमेह आणि तिचा आधार कंपनीच्या मेडिक्लेमचा. थांबावे, स्वेच्छानिवृत्ती योजनेची वाट पाहावी, की आताच निघावे, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे बहुधा खरे आहे. या फेरीत तुम्हाला काढणार नाहीत असे मलाही वाटते, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

मी २६ वर्षे मुंबईतल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत काम केले. त्यात चार वेळा, जिथे कपातीची यादी तयार होते त्या खोलीत मी बसलेली आहे. यादी कशी होते हे बाहेरच्यांना माहीत नसते, म्हणून एक प्रसंग सांगते. अंधेरी पूर्वेतले कार्यालय, शनिवारची दुपार, वातानुकूलन बंद, आणि पडद्यावर एक्सेलची शीट. वित्त विभागाच्या गृहस्थांनी सगळी नावे वार्षिक खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावली होती, कारण वरून आलेला आकडा माणसांचा नव्हता, रुपयांचा होता. अप्रेझलच्या रेटिंगचा रकाना शीटमध्ये होता, पण तो उजवीकडे इतका दूर होता की तिथपर्यंत सरकवून पाहण्याची तसदी दोन तासांत कोणीही घेतली नाही. १२ ते १८ वर्षे नोकरी झालेली माणसे आपोआप वर आली. त्यानंतर प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारला गेला: हा माणूस उद्या नसला तर कोणत्या ग्राहकाचे बिल थांबेल? ज्यांच्यामुळे थांबणार होते त्यांच्या ओळीत पिवळा रंग भरला गेला आणि ती नावे वगळली.

त्या पिवळ्या ओळींपैकी एक माणूस मला आजही आठवतो. एका विमा ग्राहकाची जुनी प्रणाली त्याच्याशिवाय कोणाला कळत नव्हती आणि ग्राहकाच्या करारात त्याचे नाव लिहिलेले होते. तो वाचला, त्याने घरी पेढे नेले. चौदा महिन्यांनी ग्राहक नव्या प्रणालीवर गेला आणि त्याची ओळ पुन्हा पांढरी झाली. तोवर पहिल्या फेरीत जाणाऱ्यांना मिळालेले भरपाईचे पॅकेज इतिहासजमा झाले होते, वय ४७ झाले होते, आणि बाजारात त्या प्रणालीचे नाव घेणारा कोणी उरला नव्हता. पहिल्या फेरीत गेलेले त्याचे सहकारी तोवर दुसरीकडे स्थिरावले होते. त्यांनी काही मोठी हुशारी केली होती असे नाही. त्यांना त्यांच्या कामाला भाव असताना बाहेर पडावे लागले, एवढेच.

तुमची ओळ पिवळी आहे. ११ जणांचे काम ५ जणांकडे आले आहे आणि ते पाच जण महत्त्वाचे आहेत, पण प्रणाली चालू असेपर्यंतच. तुमच्या वरिष्ठांना यापेक्षा जास्त माहिती असेल असेही समजू नका. टीम लीडच्या पातळीवर यादी साधारण दोन दिवस आधी कळते, आणि एकदा तर ज्या व्यवस्थापकाने आपल्या माणसांना धीर दिला होता, त्याचेच नाव त्याच शीटवर असल्याचे मी पाहिले आहे.

आता कंपनीकडे पाहू. घसरण दोन प्रकारची असते आणि दोन्हींत वागण्याची रीत वेगळी असते. पहिल्या प्रकारात धंदा आटत असतो, पण मागे पैसा असतो. एमटीएनएल ही सरकारी दूरध्वनी कंपनी हे मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. ग्राहक वर्षानुवर्षे घटत होते आणि २०१९ मध्ये पगारही लांबले होते. तरीही मालक केंद्र सरकार असल्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि १४ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच वेळी बाहेर पडले. तिथे वाट पाहणाऱ्याला काही हाती लागले. दुसऱ्या प्रकारात रोकडच संपते. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबवली, तेव्हा पगार आधीच थकलेले होते. पुढे पुनरुज्जीवनाचे प्रयत्न वर्षानुवर्षे चालले आणि अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश दिला. अशा ठिकाणी शेवटपर्यंत थांबणारा कर्मचारी राहत नाही, तो पैसे येणे असलेल्यांच्या रांगेत उभा राहतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार अवसायनात कामगारांचे मागील २४ महिन्यांचे देणे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येते, मात्र जे 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत त्यांचे केवळ १२ महिन्यांचे, आणि तेही त्यांच्यानंतर. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी निधी यांतले पैसे या वाटपाबाहेर ठेवलेले आहेत, हा मोठा दिलासा खरा. पण निधीत पैसे भरलेले असतील तर.

तुमची कंपनी यांपैकी कोणत्या बाजूची आहे हे कर्मचाऱ्यांच्या सभेतल्या (टाउनहॉल) भाषणावरून ठरवू नका. पीएफचे पासबुक उघडा. प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हावी लागते. गेल्या बारा महिन्यांच्या जमा तारखा वहीत उतरवून काढा. त्या १२, १४ वरून २५, ३० कडे सरकत असतील तर रोकड तंग आहे. त्यानंतर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावे जमा झालेल्या कराचे विवरण (२६एएस) पाहा: पगारातून कापलेला टीडीएस सरकारकडे पोहोचला आहे का. पैसा कमी पडला की आधी इथेच हात घातला जातो, कारण या दोन्ही गोष्टी कर्मचारी सहसा पाहत नाही. तिसरी चौकशी कॅन्टीनच्या कंत्राटदाराकडे करा. त्याचे मागचे बिल किती दिवसांनी मिळाले हे तो चहा देता देता सांगेल, आणि माझ्या अनुभवात त्याची माहिती वित्त विभागाच्या परिपत्रकांपेक्षा ताजी असते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर लेखापरीक्षकांचा अहवालही वाचा. कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल त्यात शंका नोंदवली असेल, किंवा मुदतीच्या मध्येच लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला असेल, तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही.

तुमचे पगार आजवर वेळेवर झाले आहेत आणि मागच्या दोन्ही फेऱ्यांत पैसे दिले गेले आहेत, यावरून तुमची कंपनी पहिल्या प्रकारची दिसते. म्हणूनच वाट पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच हिशेब नीट मांडायला हवा.

बहुतेक जण इथे एक चूक करतात. थांबलो तर काय मिळेल याच्या यादीत ग्रॅच्युइटी, पीएफ आणि शिल्लक रजेचे पैसे धरतात. ते तुमचेच आहेत. उद्या राजीनामा दिलात तरी मिळतील. पाच वर्षे सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क पक्का होतो. तुमचे बेसिक ७० हजार आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून ७० हजार गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला सुमारे ४० हजार ३८५ रुपये, आणि १६ वर्षांचे साधारण ६ लाख ४६ हजार. २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे. रजेच्या पैशांवरील सवलतीची मर्यादा २५ लाख आहे, तुम्ही तिच्या जवळपासही जाणार नाही. पीएफच्या पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे कधीच पूर्ण झाली आहेत. पीएफ फक्त नव्या खात्यात हस्तांतरित करा, मोडू नका.

एक बारकावा मात्र तुमच्या उपयोगाचा आहे. शेवटच्या वर्षातला सहा महिन्यांहून जास्त भाग ग्रॅच्युइटीसाठी पूर्ण वर्ष धरला जातो. आज तुमची १६ वर्षे ४ महिने झाली आहेत आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, म्हणजे नोटीस पूर्ण केली तर १६ वर्षे ७ महिने होतात आणि हिशेब १७ वर्षांचा होतो. नवी कंपनी 'नोटीस आम्ही विकत घेतो, लगेच या' म्हणाली तर हे ४० हजार लक्षात ठेवा.

थांबण्याने जे जास्तीचे मिळू शकते ते फक्त पॅकेज. तुमच्या सांगण्यानुसार पहिल्या फेरीत दर वर्षामागे दोन महिन्यांचे बेसिक दिले गेले, दुसरीत एक. तुमच्या बाबतीत पहिल्या दराने २२ लाख ४० हजार झाले असते, दुसऱ्या दराने ११ लाख २० हजार होतात. तिसऱ्या फेरीत हा दर वाढेल असे मानायला मला एकही कारण दिसत नाही. शिवाय स्वेच्छानिवृत्तीतली 'स्वेच्छा' दोन्ही बाजूंची असते: अर्ज तुम्ही करायचा, पण तो मंजूर करायचा की नाही हे कंपनी ठरवते, आणि तसे योजनेच्या कलमांत लिहिलेले असते. पिवळ्या ओळीतल्यांचे अर्ज नामंजूर होतात. ज्यांची कंपनीला गरज आहे त्यांनी पॅकेजवर डोळा ठेवून दोन वर्षे काढावीत आणि अर्ज परत यावा, हे मी स्वतःच्या सहीने घडवलेले आहे, आणि त्याचा मला अभिमान नाही.

कराचाही एक भाग आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतील ५ लाखांपर्यंतची सवलत आयुष्यात एकदाच मिळते, आणि तीही योजना नियमांत बसत असेल तरच: १० वर्षे नोकरी किंवा ४० वर्षे वय पूर्ण असावे, एकूण मनुष्यबळ घटावे, रिकाम्या जागी भरती होऊ नये. कंपनीने तुमच्या हातात 'परस्पर संमतीने सेवासमाप्ती'चे पत्र ठेवले तर ती रक्कम सहसा पगाराप्रमाणेच करपात्र होते. पत्राच्या मथळ्यावर काय लिहिले आहे ते म्हणूनच वाचायचे.

कायद्याने काही मिळणार नाही का, असेही तुम्ही विचारले आहे. कपातीची कायदेशीर भरपाई, म्हणजे वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, ही 'कामगार' या व्याख्येत येणाऱ्यांसाठी आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक तिच्याबाहेर आहेत. मात्र व्हिजिटिंग कार्डावर 'असोसिएट मॅनेजर' छापले म्हणून माणूस व्यवस्थापक होत नाही. न्यायालय प्रत्यक्ष काम पाहते, आणि दिवसभर प्रणालीतील दोष दुरुस्त करणारा माणूस तांत्रिक कामगार ठरू शकतो. त्यामुळे कधी एखाद्या छोट्या खोलीत बोलावून 'आत्ताच राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू' असे सांगितले गेले, तर तिथे सही करू नका. 'कागद घरी नेऊन वाचतो, उद्या उत्तर देतो' एवढे सौम्यपणे म्हणा. स्वतःहून राजीनामा दिला की भरपाईचा मुद्दाच संपतो, म्हणून तर तो मागितला जातो.

आता दुसरी बाजू. वागळे इस्टेटमधील नोकरीत महिन्याला २१ हजार कमी, वर्षाला २ लाख ५२ हजार. ही रक्कम लहान नाही. पण ती कंपनी तुमच्याकडून काय विकत घेते आहे ते पाहा: जुन्या बिलिंग प्रणालीवरून ग्राहकांना नव्या प्रणालीवर नेण्याचे काम. त्यासाठी जुनी प्रणाली आतून माहीत असलेला माणूस लागतो, आणि आज असे ग्राहक पुष्कळ असल्याने तुमच्या ज्ञानाला भाव आहे. जसजसे ग्राहक स्थलांतरित होतील तसतसा तो भाव उतरेल. तिथे तुम्ही जुने जाणणारा म्हणून जाल आणि नवे शिकून बसाल. इथे जुने सांभाळता सांभाळता तीन माणसांचे काम कराल, वेतनवाढ गोठलेली असेल, प्रशिक्षणाचे बजेट शून्य असेल, आणि ४५ व्या वर्षी मुलाखतीला जाल तेव्हा सांगण्यासारखे ताजे काही नसेल. कपातीनंतर मागे उरलेल्यांचे होणारे हे नुकसान नोकरी सोडतानाच्या कोणत्याही अंतिम (फुल अँड फायनल) हिशेबात दिसत नाही. (शिवाय ठाण्याला उतरून पुन्हा ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी गाठायची नाही, हे मी वेतनवाढीतच धरीन.)

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे घेतल्याचे कधी कोणी जाहीर केलेच नाही. त्यामुळे आमच्या चाळीत अनेकांनी वर्षानुवर्षे 'आता उघडेल' यावर दिवस काढले. वाट पाहणे कधी संपवायचे याची तारीख त्यांना कोणी दिली नाही आणि त्यांनी स्वतःही ठरवली नाही. त्यांच्यासमोर पर्यायही फारसे नव्हते. तुमच्यासमोर एक आहे आणि त्यावर १५ दिवसांची मुदत आहे.

त्यामुळे माझे मत असे: नवी नोकरी घ्या, पण त्याआधी पहिल्या आठ दिवसांत एक गोष्ट करून पाहा. तुमची ओळ पिवळी आहे, तर तिची किंमत मागा. वरिष्ठांकडे जाऊन, दुसऱ्या नोकरीचा उल्लेख न करता, सांगा की प्रणाली बंद होईपर्यंत मी थांबावे अशी कंपनीची इच्छा असेल तर ते लेखी हवे. त्या पत्रात चार गोष्टी असाव्यात: कोणत्या तारखेपर्यंत, किती रक्कम, ग्राहक आधी निघून गेला किंवा कंपनीनेच आधी काढले तरी ती रक्कम देय राहील, आणि सही मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांची. वरिष्ठांचा ई-मेल चालणार नाही. तेही उद्या यादीत असू शकतात. रकमेबद्दल विचाराल तर, दर १२ महिन्यांसाठी सहा महिन्यांच्या पगाराहून, म्हणजे ८ लाख ४० हजारांहून कमी रकमेवर मी थांबणार नाही. असे पत्र मिळाले तर त्या तारखेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही, कारण मग तुम्ही आशेवर थांबलेले नसाल, मोबदला घेऊन थांबलेले असाल. 'बघू', 'वरती बोलतो', 'मार्चनंतर तुमचंच पाहिलं जाईल' अशी उत्तरे आली तर नवव्या दिवशी ठाण्याला होकार कळवा. तुम्हाला बहुधा अशीच उत्तरे मिळतील.

होकार कळवला तरी राजीनाम्याचा ई-मेल लगेच पाठवू नका. ठाण्याच्या कंपनीचे नेमणूकपत्र हातात येऊ द्या; तोंडी शब्दावर नोटीस देऊन अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. तिथेही पीएफ वेळेवर भरला जातो का, मोठे ग्राहक किती आणि त्यांपैकी एक गेला तर काय होईल, हे विचारा. लहान कंपनी बुडायला जेटइतकी वर्षे लागत नाहीत.

आईच्या विम्याची व्यवस्था मात्र याच आठवड्यात करा, निर्णय कुठलाही होवो. कंपनीचे सामूहिक संरक्षण तुमच्या शेवटच्या दिवशी संपते. नव्या कंपनीच्या योजनेत पालक धरले जातात का हे नेमणूकपत्रात पाहा. अनेक लहान कंपन्या धरत नाहीत. सध्याच्या विमा कंपनीला सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याबद्दल आताच लेखी विचारा, म्हणजे आजवर पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ वाया जाणार नाही. तसे न करता पूर्णपणे नवी पॉलिसी घेतली तर मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. अर्जात मधुमेह लपवू नका. एजंट 'लिहू नका' म्हणाला तर एजंट बदला.

शेवटी कागदपत्रे. राजीनामा स्वीकारल्यावर काही कंपन्या त्याच संध्याकाळी लॅपटॉपचा प्रवेश बंद करतात. म्हणून त्याआधीच गेल्या तीन वर्षांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणूकपत्र, बढतीची पत्रे आणि शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट स्वतःच्या ई-मेलवर घ्या. ग्राहकाची किंवा प्रणालीची एकही फाइल त्यांच्यासोबत येऊ देऊ नका, कारण फुल अँड फायनल अडवायला तेवढे एक निमित्त पुरते.